बोरूचा थर

वाळवंटाकाठच्या आमच्या ख्वारेज्मात मिठाला पाय असतात. थंडी ओसरताना शेतं धुवायला कालव्याचं पाणी सोडलं, की जमिनीच्या पोटातलं मीठ जागं होतं आणि घरांच्या भिंती चढू लागतं. म्हणून आम्ही विटांचं जोतं आणि वरची मातीची भिंत यांच्या मधे बोरूचा थर घालतो. थंडीत पान वाळल्यावर तळ्याकाठी कापलेला बोरू, चांगला वीतभर जाड. जोतं चढून आलेलं मीठ तिथं अडतं. ज्या भिंतीत बोरू नाही, तिला लोणा लागतो. भिंत बुडापासून भुसभुशीत होते आणि एखाद्या वसंतात गुडघे मोडून बसते.

हे मला मत्नियाज उस्तांनी सांगितलं. उस्ता म्हणजे मुरलेला गवंडी. आमच्या गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. मी त्यांचा शेजारी, आणि माझ्या घराच्या लिंपणाचा एक पोपडाही अजून निघालेला नाही, हे मी कुणापुढंही मान वर करून सांगेन.

उस्तांना बांधकामाखेरीज दुसरी भाषाच नव्हती. चहा पातळ झाला की थोरल्या सुनेला म्हणत, "सपरगुल, गाऱ्यात पाणी जास्त झालं गं." नवराबायकोचं भांडण मिटवायला बोलावलं तर नवऱ्याला म्हणत, "फट पडली की ओली असतानाच बुजवावी, बाबा. वाळल्यावर नुसता गिलावा चढतो, फट तशीच राहते." सफरबाय ट्रॅक्टरवाला बढाया मारू लागला, की खिशातून ओळंबा काढून त्याच्या नाकापुढं धरत. "कललास रे, सफर." सगळं चहाचं दुकान हसायचं.

मग एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या त्यांचं उजवं अंग गेलं. अंगाबरोबर बोलणं गेलं. पाया, जोतं, तुळई, थर, सगळे शब्द गेले. एकच उरला, "होय." पाणी हवं? होय. नको? तरी होय. त्यांची बायको बिकाजान तेवढी डोळे बघून खरं काय ते ओळखायची. आम्ही बाकीचे त्या होयपुढं नुसते उभे राहायचो.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. बापाचं घर धाकट्याचं, ही आमची रीत, तेव्हा थोरल्या अल्लाबेर्गनला वेगळं घर बांधणं आलं. तो रशियात इमारतींवर काम करतो. रजा घेऊन आला, जोतं उभारलं, माती भिजवून तुडवून मुरत ठेवली, आणि हशर बोलावली. हशर म्हणजे सगळा गाव मजुरी न घेता कामाला येतो आणि घरधनी त्याला जेवू घालतो. बोरू आणायचं सफरबायवर सोपवलं होतं.

हशरच्या सकाळी सफरबाय रिकामी ट्रॉली घेऊन आला.

"तळ्यावर बोरूच नाही रे," तो खाली बघत म्हणाला. "कुणीतरी पेटवलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी राख. पलीकडच्या तळ्यावरही जाऊन आलो."

अंगणात तोवर चाळीसेक माणसं फावडी घेऊन उभी होती. कढईत गाजरं पडली होती, पुलावाचा वास सुटला होता.

मी म्हणालो, "अल्लाबेर्गन, बोरूशिवाय भिंत नको चढवू."

"मग काय करू, काका?" तो म्हणाला. "रविवारी माझी गाडी आहे. नाही गेलो तर जागेवर दुसरा उभा राहील. माती आज नाही उचलली तर तडकून जाईल. आणि एवढ्या माणसांना काय सांगू, परत जा?"

आमच्याकडं घरात मयत झाली तरच हशर परत जाते. उगाच परतवली तर लोक म्हणतात, याच्या अंगणातून पाहुणा उपाशी गेला.

"अरे, जोत्यावर सिमेंटाचा पट्टा ओतलाय की," मागून कुणीतरी म्हणालं. "दगड झालाय तो. मीठ काय दगड खातं?"

"बाजारातून डांबरी कागद आणावा," दुसरा म्हणाला.

"बाजार रविवारी. आज बुधवार. तू अंड्यासारखा उबवून काढणार आहेस का कागद?"

हशा झाला. अल्लाबेर्गन हसला नाही.

उस्तांना भिंतीजवळ खाटेवर आणून बसवलं होतं. त्यांनी जोत्याकडं पाहिलं. उघडं सिमेंट, त्याच्यावर काही नाही. मग डाव्या हातानं काठी उचलून ते जोत्याच्या माथ्यावर मारू लागले. ठक. ठक. घशातून आवाज येत होता, शब्द येत नव्हता.

बिकाजान म्हणाली, "त्यांना बोरू हवाय."

"ठाऊक आहे, आई." अल्लाबेर्गन खाटेपाशी बसला, बापाची काठी त्यानं हळूच धरली. "बाबा, मला कळतंय. तुमच्याच हाताखाली शिकलोय ना मी? पण आणू कुठून?"

आमच्याकडं मातीचा पहिला गोळा ठेवण्याआधी गावातल्या सर्वांत जुन्या उस्ताला विचारतात. त्यानं होय म्हटल्याशिवाय मातीला कुणी हात लावत नाही. लोक वाट पाहत होते. कुणीतरी गोळा उचलून अल्लाबेर्गनच्या हातात दिला. त्याला विचारणं भाग होतं.

"उस्ता," तो म्हणाला. त्या घडीला बाबा म्हणायचं नसतं. "ठेवू का?"

मत्नियाज उस्तांचा चेहरा लाल झाला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. ते कुठला शब्द शोधत होते, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नाही. एवढाच तर शब्द. गळ्याची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं.

"होय," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं हात उचलून दुआ मागितली, आम्ही तोंडावरून हात फिरवले. गोळा जोत्यावर बसला, त्यावर दुसरा. जेवणापर्यंत पहिला थर कमरेएवढा चढला होता. तासून कडा सरळ केल्या तेव्हा फार देखणी दिसत होती भिंत. रविवारी अल्लाबेर्गन गेला. पुढचे थर धाकट्यानं वाळवून वाळवून चढवले, शरदात छप्पर चढलं, सपरगुल मुलं घेऊन तिथं राहायला गेली.

या वसंतात शेतांत पाणी सोडलं आणि जोत्याच्या वर बोटभर पांढरी रेघ उमटली. आता ती वीतभर झाली आहे. उस्ता आता पाय ओढत का होईना चालतात; रोज सकाळी काठी टेकत तिथं जातात, काठी भिंतीला लावून डाव्या हातानं झाडूनं मीठ झाडतात. मिठाबरोबर थोडी मातीही गळते. ती ते चिमटीत घेऊन बघतात आणि भिंतीच्या बुडाशी परत ठेवतात.

परवा मी तिथंच होतो, तेव्हा रशियातून अल्लाबेर्गनचा फोन आला. सपरगुलनं फोन सासऱ्याच्या कानाला लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं.

"बाबा, भिंत बरी आहे ना?"

उस्तांनी भिंतीकडं पाहिलं, मग सुनेकडं. झाडलेलं मीठ गोळा केलेली ओढणी तिनं मुठीत आवळून धरली होती.

"होय," उस्ता म्हणाले.

आपल्या बापाला दुसरा शब्द येत नाही, हे पलीकडं अल्लाबेर्गनलाही ठाऊक होतं.