इटालियनमधला हुंकार

रेनातो माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता आणि मी मान डोलवत होतो. मधूनमधून मी म्हणत होतो, "सी... चेर्तो... आ, चेर्तो." म्हणजे हो, नक्कीच, अगदी बरोबर. तो मशीनच्या पोटात हात घालून काही दाखवी, बोट हलवून कशाला तरी 'नाही' म्हणे, मग माझ्याकडे बघे. मी लगेच म्हणे, "चेर्तो!" त्याचा चेहरा खुले आणि तो आणखी बोले. शनिवारची संध्याकाळ होती. तो जे सांगत होता त्यातलं मला नेमकं काय कळत होतं, ते पुढे येईलच.

मी आटगावजवळच्या एका लहान कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे मसाले आणि चहा पॅक होतो. साहेबांनी इटलीहून एक जुनी मशीन मागवली. कपात बुडवायच्या चहाच्या पुड्या असतात ना, दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला कागदी टॅगवाल्या, त्या बनवणारी. मशीन बसवून चालू करून द्यायला तिकडून एक म्हातारा फिटर येणार होता, रेनातो. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मीटिंगमध्ये सगळे गप्प बसले तेव्हा मीच म्हणालो, "साहेब, मी शिकतो इटालियन. यायला वेळ आहे अजून त्याला."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने असं काही मीटिंगमध्ये बोलू नये. पण बोलून बसलो होतो.

वाचून शिकायला बसलो की मला झोप येते, म्हणून ऐकून शिकायचं ठरवलं. मोबाइलवर धडे मिळाले. एक बाई आणि एक पुरुष अत्यंत प्रेमाने एकमेकांशी बोलत. मुरबाडहून कंपनीच्या गाडीने जाता-येता मी कानात तेच घालून बसे. आवणीच्या दिवसांत चिखलात उभा राहून, हातात भाताच्या रोपांची जुडी आणि कानात ती बाई. बायको म्हणाली, "घरातली माणसं मराठीत हाका मारून थकली, त्या ऐकू येत नाहीत तुम्हाला. आणि सातासमुद्रापलीकडची बाई बरी ऐकू येते!"

आता आमच्याकडची एक सवय सांगतो. आमच्या गावात कुणी गोष्ट सांगू लागला की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हं... हां... मग? हुंकार थांबला की सांगणारा विचारतो, "झोपलास काय रे?" आणि गोष्ट बंद. मी लहानपणापासून हुंकार देण्यात पटाईत. अर्धवट झोपेतसुद्धा बरोबर जागी 'हां' टाकायचो आणि गोष्ट सांगणारा मामा खूश व्हायचा. ते धडे ऐकताना मी नकळत तेच केलं. बाईने वाक्य टाकलं की पुरुष कुठे 'सी' म्हणतो, कुठे 'चेर्तो', कुठे नुसता 'आ' लांबवतो, हे मी अचूक उचललं. भाषेची चाल मला छान आली. शब्द म्हणाल तर मी कॉफी मागू शकत होतो, स्टेशन कुठे आहे विचारू शकत होतो आणि खोलीतून समुद्र दिसत नाही अशी तक्रार करू शकत होतो. आटगावात या तिन्हींचा उपयोग नाही.

रेनातो यायच्या आधी साहेबांनी विचारलं, "पष्टे, दुभाषी बुक करू का?"

"कशाला साहेब? मी आहे ना."

"नक्की?"

"चेर्तो," मी म्हणालो. साहेब हसले आणि दुभाषी रद्द झाला.

रेनातो आला आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की हा माणूस त्या बाईसारखं बोलत नाही. शब्दांची शेपटं गिळत होता, भलतीकडेच जोर देत होता. त्याच्या गावाकडची बोली असावी. मी स्वतः घरी 'नाय' आणि ऑफिसात 'नाही' म्हणणारा माणूस. पण इटलीतही गावं असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोबाइलमध्ये भाषांतराचा ॲप होता. पण शेडमध्ये कॉम्प्रेसरच्या आवाजात ॲपला काही ऐकू येईना. शिवाय खरं सांगायचं, तर मी समोर असताना ॲप काढणं मला अपमानाचं वाटत होतं. मग मी हुंकार देत राहिलो. तो पठ्ठ्या इतका खुलला, की जेवतानासुद्धा सांगत बसायचा. साहेब लांबून बघून म्हणायचे, "वा पष्टे, मानलं तुम्हाला."

शनिवारी मशीन झक्कास चालली. चालवत होता रेनातो. त्याने मला शेवटचं सगळं समजावलं, मिठी मारली आणि कल्याणच्या हॉटेलवर गेला. त्याचं विमान रविवारी रात्रीचं. सोमवारी मुंबईहून चहाचे मोठे गिऱ्हाईक मशीन बघायला येणार होते. ते खूश झाले तर दुसरी पाळी सुरू, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. या दुसऱ्या पाळीसाठी कमलने वाशिंदच्या फॅक्टरीतलं काम सोडलं होतं. ती उंबरमाळीची. नवरा नाही, दोन मुलं शाळेत. "सोड तू, आपल्याकडे पक्कं काम आहे," असं तिला मी सांगितलं होतं. माझ्या शब्दावर सोडलं होतं तिने.

रविवारी सकाळी तिला सराव म्हणून मी मशीन चालू केली. हीटर लावला, पट्ट्या तापू दिल्या, मोटरचं बटण दाबलं. या तापलेल्या पट्ट्यांनीच पुडीच्या कडा चिकटतात. दोन मिनिटांत धूर. दोरा जळून तुटत होता, टॅग खाली पडत होते, पुड्या उघड्याच बाहेर येत होत्या. चहाची भुकटी सगळीकडे. बंद केली, थंड केली, परत लावली. परत धूर.

"भाऊ, त्यांनी काल काय सांगितलं व्हतं?" कमलने विचारलं.

त्या माणसाने कालची सगळी संध्याकाळ हेच सांगितलं होतं आणि मी प्रत्येक वाक्याला चेर्तो म्हटलं होतं.

हॉटेलवर फोन लावला. फोनवर त्याचे हातवारे नव्हते, तोंड दिसत नव्हतं. तेव्हा कळलं, की मी इतके दिवस भाषा नाही, हात ऐकत होतो. गाडी काढून कल्याण गाठलं. रेनातो नाश्त्याला बसला होता, बॅग भरून शेजारी ठेवलेली. मला बघून उठला, हसला, भराभरा बोलू लागला. सवयीने माझ्या तोंडात 'सी' आलं. ते मी गिळलं आणि म्हणालो, "नॉन ओ कापितो." मला समजलं नाही. पहिल्याच धड्यातलं वाक्य. सोपं म्हणून पुढे ढकललेलं.

"आज?" असं काहीसं त्याने विचारलं.

मी मान हलवली. आज नाही, काल नाही, परवाही नाही. "निएन्ते," म्हणालो. काहीच नाही.

"निएन्ते?"

"निएन्ते."

तो खुर्चीत बसला. कॉफी संपवली. त्याचा चेहरा बघून मला इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगती तर बरं. आठवडाभर भिंतीशी बोललो, हे कळल्यावर माणसाचं तोंड जसं होईल, तसं झालं होतं. मग त्याने बॅग उचलली आणि दाराकडे बोट दाखवलं. चला.

शेडमध्ये आल्यावर त्याने आपल्या ओठांवर बोट ठेवलं, मग माझ्या. कॉम्प्रेसर बंद करायला लावला. एक वाक्य बोलला आणि हात मागे बांधून उभा राहिला. मला हातांनी करून दाखवायचं होतं. चुकलं की 'नो', जमलं की पुढचं वाक्य. कमलला आल्या आल्याच मी खरं काय ते सांगून टाकलं होतं; ती मागे उभी राहून बघत होती. हळूहळू कळलं. मशीन थंड असताना दोरा सैल पडलेला असतो. आधी हाताने मोठं चाक फिरवायचं, दोरा ताणून घ्यायचा, मग हीटर, शेवटी मोटर. मी हीटर आधी लावत होतो, त्यामुळे सैल दोरा तापलेल्या पट्ट्यांवर पडून जळत होता. बस, एवढंच. दुपारी पुड्या धडधड पडू लागल्या. रेनातो विमानाला गेला, यावेळी मिठी न मारता. नुसता खांद्यावर हात ठेवून.

माझा जीव भांड्यात पडला आणि अंगात लगेच वारं शिरलं. उद्या मशीन कमल चालवणार होती. मी तिला समोर उभं केलं आणि समजावलं. थ्रेड टेन्शन, सीलिंग टेम्परेचर, कोल्ड स्टार्ट, सिक्वेन्स. ती "हां भाऊ, हां भाऊ" म्हणत होती. चांगलं रंगलं होतं माझं. मी म्हणालो, "कळलं ना सगळं?"

ती म्हणाली, "भाऊ, मी पन तुमच्यावानी खरं सांगू?"

"सांग की."

"कायच नाय समजला."

मराठीत सांगितलं होतं मी. मग हीटरचा स्विच बंद केला, मशीन थंड होऊ दिली आणि तिचा हात चाकावर ठेवला. "फिरव," एवढंच म्हणालो आणि हात मागे बांधले.

सोमवारी गिऱ्हाईक आले, कमलने मशीन चालवली, दोरा तुटला नाही. ऑर्डर आली. दुसरी पाळी सुरू झाली. आता नवीन कुणी शिकायला आलं आणि 'हां भाऊ' म्हणालं, की मी म्हणतो, "ते राहू दे. करून दाखव." नव्या पोरींना वाटतं, भाऊ फार कडक आहेत. साहेबांनी मात्र पुढच्या मशीनसाठी भाषा शिकाल का, असं आधीच विचारून ठेवलंय. ती कोरियातून येणार आहे. मी म्हणालो, "साहेब, दुभाषी बोलवा."