वीतभर अंतर

रविवारी सकाळी मी अमरावतीहून बडनेऱ्याला आणि तिथून गाडीने अकोल्याला जायचो. शाळेतले बाकीचे मास्तर विचारायचे, एवढं काय आहे अकोल्यात? मी म्हणायचो, अंगाला तेल लावून घ्यायला जातो. ते हसायचे. खरं बोललं की लोकांना थट्टा वाटते, म्हणून मी बिनधास्त खरं बोलायचो.

बेचाळीसच्या चळवळीत मला पोलिसांनी धरलं होतं. त्यांना सोबत्यांची नावं हवी होती. त्यासाठी त्यांनी माझे पाय बाकाला बांधून तळव्यांवर छड्या मारल्या. पुढे सुटलो, पाय बरे झाले, मास्तरकीही मिळाली. पण पायाला कुणाचा हात लागला की डोक्यापर्यंत कळ जायची आणि मी पाय झटकन ओढून घ्यायचो. आणि आपल्याकडे तर उठल्याबसल्या पाया पडतात. दसऱ्याला पडतात, परीक्षेला जाताना पडतात. पंधरा ऑगस्टला गळ्यात हार घालून पोरांची रांगच लावायचे माझ्यापुढे. मी टेबलामागे उभा राहायला शिकलो. हाराचा मला फार राग यायचा. कोठडीत काय झालं, हे हार घालणाऱ्यांपैकी एकानेही कधी विचारलं नाही.

मुलगी लहान असताना दिवाळीला पाया पडायला वाकली. मी पाय ओढला आणि ती तोंडावर आपटली. बायकोने तिला उचलून सांगितलं, "बाबाच्या पायाले हात नाही लावायचा, बाई." तेव्हापासून पोर माझ्या पायापासून वीतभर अलीकडे जमिनीला हात टेकवायची आणि तो कपाळाला लावायची. घरात माणसं होती, पण त्या वीतभर जागेत मी अगदी एकटा असायचो.

अकोल्याच्या आखाड्यातले वस्ताद तुरुंगात माझ्यासोबत होते. कोठडीत त्यांना हात मागे बांधून टांगलं होतं, त्यांचे खांदे कायमचे गेले होते. सकाळची कुस्ती आटोपून पोरं घरी गेली की आमच्यासारखी कोठडीत मार खाल्लेली चार-सहा माणसं तिथे जमायची. एकाने दुसऱ्याचं अंग तिळाच्या तेलाने चोळायचं, असा तिथला रिवाज. बोलायचं ते चोळणाऱ्याने. ज्याचं अंग चोळलं जातंय त्याने नुसतं ऐकायचं, मागे वळून बघायचं नाही. हाताला काम असलं आणि समोर तोंड नसलं की माणूस बोलतो. बायकोजवळ जे बोललो नाही ते मी वस्तादांच्या पाठीशी बोललो. माझी पाठ मी चोळू द्यायचो, पाय मात्र धोतरात दडवून बसायचो.

मुलीचं लग्न परतवाड्याच्या घरी ठरलं. त्या रविवारी वस्तादांचे खांदे चोळताना मी म्हणालो, "पाठवणीच्या वेळी पोरीनं एकदा माझ्या पायाले हात लावावा, अन् मी पाय ओढू नये. बस, एवढंच पाह्यजे."

रिवाज मोडून वस्ताद वळले. "मंग द्या पाय इकडे. मास्तराचे पाय हायेत, देवाचे नाई."

त्यांनी अंगठ्याला बोट लावलं मात्र, माझी लाथ त्यांच्या छातीत बसली. ते मातीतून उठत म्हणाले, "लात लय दमदार हाये. कुस्ती कावून नाई खेळले?"

दर रविवारी ते थोडं थोडं पुढे सरकायचे. आधी घोटा, मग बोटं, शेवटी तळवा. मी ओरडायचो, घामाने भिजायचो, एकदा रडलोही. होळीनंतर वस्तादांचा आख्खा पंजा माझ्या पावलावर राहिला आणि पाय जागचा हलला नाही. मग ती सगळी पिकल्या केसांची माणसं नवरीसारखी डोक्यावर पंचे घेऊन एकेक करून माझ्या पाया पडली. आम्ही पोट धरून हसलो.

लग्नात पाठवणीची वेळ आली. मांडवात बायका रडत होत्या, बाहेर बँड वाजत होता. मुलगी माझ्यापुढे आली. मी चपला काढून उभा होतो. ती वाकली आणि सवयीने वीतभर अलीकडे जमिनीला हात टेकवू लागली. मी पाऊल पुढे सरकवलं. तिला वाटलं, गर्दीत माझा तोल गेला. तिने हात तेवढाच मागे घेतला.

"राहू द्या बाबा," ती हळूच म्हणाली, "मले मायीत हाये."

पोर माझा पाय सांभाळत होती. तिला काय सांगू? तिला उठवून जवळ घेतलं. मागचे लोक घाई करत होते. ती गेली.

पुढच्या रविवारी आखाड्यात सगळे वाट पाहत होते. वस्तादांनी विचारलं, "काय मास्तर, लावला का पोरीनं पायाले हात?"

मी त्यांच्या मागे जाऊन बसलो, तळहातावर तेल घेतलं आणि त्यांचे खांदे चोळायला लागलो. बोलायची पाळी माझी होती. वस्ताद ऐकायला बसले होते, मागे वळून बघत नव्हते. मी बराच वेळ नुसता चोळतच राहिलो.