भामट्याची पोर

कुणाच्याही दारातून निघताना ओटी झटकून दाखवायची असते, तशी रीतच आहे, असं मला चांगली दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत वाटायचं. एवढी मी शहाणी.

धुळ्याजवळच्या आमच्या गावात माय अक्कांच्या शेतात कापूस वेचायची. शाळा सुटली की मीही. दिवस मावळताना कापूस वजनाला घालून बाकीच्या बाया घरची वाट धरायच्या. आमच्या वस्तीतल्या तेवढ्या बांधावर थांबायच्या. अक्का, म्हणजे मालकीण, गाडीत बसून म्हणायच्या, "झटका." माय ओटी सोडायची. लुगडं झटकायची. अंबाडा सोडून केस मोकळे करायची. केसांतून कोण कापूस नेतं? मी तर न सांगता झटकायचे. परकर, पोलकं, वेणीसुद्धा. अक्का म्हणायच्या, "गुणी पोर शे." मी फुगायचे. झटकण्याची परीक्षा असती तर पहिला नंबर माझाच.

संक्रांतीला नव्या मास्तरांच्या बायकोने वर्गातल्या मुलींना तिळगुळाला बोलावलं. निघताना मी उंबऱ्याशी उभी राहिले. परकर झटकला. वेणी सोडली.

"हे काय गं?" बाई म्हणाल्या.

अक्कांची मुलगी शेजारीच होती. "ती भामटी शे ना. तिले झटकनंच पडस."

मुली हसल्या. मीही हसले. हो, मीही. भामटा हे आमच्या जातीचं नाव. जसं कुणबी, जसं तेली. म्हणून विचारलं, त्यात हसायचं काय? आतून मास्तर धडा सांगावा तसे म्हणाले, "भामटा म्हणजे लबाड, ठक. डोळ्यांदेखत चोरणारा." मग बाहेर आले, मला पाहिलं. "तुला नाही म्हटलं," म्हणाले.

मोकळ्या केसांनीच घरी आले. माझे आजोबा, आबा, दारात तागाचा दोर वळत होते. "आबा, भामटा म्हणजे आधी आपण का आधी चोर?"

हात न थांबवता त्यांनी सांगितलं. आधी आपण, दोर वळणारे. चोर सगळ्याच जातींत. पण गोऱ्या साहेबाने आपली अख्खी जात गुन्हेगारांच्या कायद्यात घातली. मग पाळण्यातलं पोरही चोर. रोज पाटलाकडे हजेरी. कायदा आता उठला म्हणतात. लोकांच्या तोंडातला कोण उठवील?

दुसऱ्या दिवशी बांधावर अक्का म्हणाल्या, "झटका." माय अंबाडा सोडू लागली. मी हाताची घडी घालून उभी.

"झटक ना वं," अक्कांनी मला दटावलं.

"बठ्ठ्या बाया झटकतीन, निस्त्या आमीच नही, तवय मी झटकसू."

अक्का गाडीतून उतरल्या. "भामटी ती भामटीच. सकायपासून दोन्ही मायलेकी येऊ नका."

वेचणी ऐन भरात. घरात तेवढाच आधार. आता माय थोबाडीत देणार म्हणून मी गालही तयार ठेवला होता.

मायने सुटलेले केस पुन्हा बांधले. सावकाश, अक्कांकडे बघत. आणि न झटकता चालू लागली. तिच्या ओटीत काही नव्हतं. कधीच नव्हतं.

पुढचे महिने वाईट गेले. कधी नुसती कण्यांची पेज, कधी तीही नाही. पण आम्ही दोघी त्या बांधावर परत गेलो नाही.

त्या संध्याकाळी बांधावरून परतताना गाव दिसलं, तशी माय थांबली. माझी वेणी खांद्यावरून मागे टाकली आणि म्हणाली, "कोनी इचारं तू कोन शे, ते मान वर करीसन सांग, भामटी शे. नाव आपलं शे. त्याची शिवी त्यासनी करी."