खुंट्याला बांधलेलं जहाज

आमच्या मासेमार सोसायटीत किश्श्यांना तोटा नाही. जाळी विणायला चार जण बसले की हात जाळ्यात आणि तोंड किश्श्यात! त्यातून मुंबईच्या जहाजाचा विषय निघाला, की जे गावातून हललेसुद्धा नव्हते तेही साक्षीदार होतात. प्रत्यक्ष गेलो आम्ही चौघंच. मी शाळामास्तर, गावात लिहिता येणारा म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका. थोडं तिखटमीठ माझंही धरून चाला.

चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावचा तलाव एका ठेकेदाराने मागितला होता. त्याला मिळाला असता, तर सगळ्या मासेमार घरांना पोटासाठी गाव सोडावं लागलं असतं. निकाल मुंबईच्या साहेबांच्या हातात. आणि साहेबांनी सभा ठेवली कुठे, तर एका जुन्या शिडाच्या जहाजावर! जहाज धक्क्याला कायमचं बांधलेलं. खाली म्युझियम, वर सभा-समारंभ.

चेअरमन गणपतभाऊ, त्यांची बायको तुळसाबाई, दांडगा महादेव आणि मी, असे निघालो. गणपतभाऊ वाटभर एकच सांगत होते, "गुरुजी, मले तिथी बोलता नाई आलं, तं तलाव गेला समजा."

मला त्यांच्यापेक्षा जास्त धास्ती होती.

*

जहाजाच्या फळीपाशी पोचताच गणपतभाऊंनी चपला काढल्या आणि जहाजाला हात लावून तो कपाळाला लावला. आमच्याकडे डोंग्यात चढताना असंच करतात. आम्हीही केलं.

दारावरचा शिपाई म्हणाला, "चपला घाला हो, इथे चालतं."

"नावेत जोडे घालून? तुमची नाव हाये का धरमशाळा?" गणपतभाऊंनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं, तर आमच्या मागचे कोटवाले सहा-सात साहेब खाली वाकून मुकाट्याने बुटांच्या नाड्या सोडत होते!

*

खाली म्युझियममध्ये काचेच्या कपाटात एक जाळं मांडलेलं. तुळसाबाई काचेला नाक लावून उभी.

"हे तं फाटलं हाये. खोला हे कपाट, मी आत्ता सांधून देतो."

गाईड घाबरला. "बाई, हात लावू नका! ते शंभर वर्षांपूर्वीचं जाळं आहे. तेव्हापासून असंच आहे."

"शंभर वर्षं?" तुळसाबाई माझ्याकडे वळली. "गुरुजी, इतक्या दिवसांत एकालेही सवड नाई भेटली?"

*

वर दोन्ही डोलकाठ्यांना सुकलेल्या झेंडूच्या माळा होत्या. आदल्या दिवशी इथे कुणाचंतरी लग्न झालं होतं म्हणे. महादेवला मोठं नवल वाटलं. जेवणावळ कुठे बसली, वाजंत्री कुठे उभी राहिली, सगळं विचारून घेतलं त्याने. तुळसाबाईला मात्र वेगळीच काळजी.

"चारी आंगानं पानी! नवरदेव रुसला तं जाईन कुठी?"

*

आता माझी फजिती. वर्गात मी भूगोलात समुद्र असा काही शिकवतो, की पोरांना लाटा दिसतात. वर जाऊन बसलो, आणि पाच मिनिटांत पोटात ढवळायला लागलं. कठडा गच्च धरला, डोळे मिटले आणि महादेवला म्हणालो, "बाबा, किनारा किती दूर राहिला रे?"

"गुरुजी," महादेव माझी पाठ चोळत म्हणाला, "डोळे उघडा. नाव अजून सुटली नाई!"

*

मग सभा. ठेकेदार पहिल्या रांगेत. तो आधी बोलला, आणि काय बोलला! तलावाची निगा कशी राखतात, पाण्यावर लक्ष कसं ठेवतात, काठाची मातीची पाळ कशी बांधतात. साहेब मान डोलावत होते.

आमचं नाव पुकारलं. जिन्याजवळची गणपतभाऊंची जागा रिकामी!

"चेअरमन कुठे आहेत?"

मी उभा राहिलो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ठेकेदार गालात हसला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात शिपाई गणपतभाऊंना दंडाला धरून घेऊन आला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. हातात म्युझियममधलं जुन्या कप्तानाचं तांब्याचं घंगाळ!

"साहेब, या माणसाने कपाट उघडून..."

"हे काय आहे?" साहेब कडाडले.

"तुमच्या नावेत पानी भरून राह्यलं साहेब," गणपतभाऊ म्हणाले. "मघापासून खालून आवाज येऊन राह्यला होता. गुडघाभर झालं. तुमचं चालू द्या. मी उपसून राह्यलो."

"अहो, पण तुम्हाला तलावाबद्दल बोलायचं होतं ना?"

"बोलीन ना. पानी काढतो आधी."

दंड सोडवून घेतला आणि गेले की खाली! पाठोपाठ महादेव.

सगळ्यांनी कान दिले. पाण्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. साहेबांनी दोन माणसं पंप आणायला पिटाळली. मग ते ठेकेदाराकडे वळले.

"तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तुम्हाला आवाज आला?"

ठेकेदार खाली पाहायला लागला.

साहेब कारकुनाला म्हणाले, "तलाव सोसायटीच्या नावे लिहा."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली! जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. खाली गणपतभाऊ घंगाळाने उपसत होते, महादेव झरोक्यातून बाहेर फेकत होता.

"भाऊ! तलाव आपला झाला! साहेबांनी लिहून दिलं!"

गणपतभाऊंनी वर पाहिलं. बाजूच्या कपाटातला पितळी लोटा काढला आणि माझ्या हातात दिला.

"बरं झालं. धरा हे. तुम्ही त्या कोपऱ्यातून घ्या."