बस पेटल्याचा फोन

निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी ती घटना अजून मनातून उतरत नाही. तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नियंत्रण कक्षाला महिनाभर एकच फोन येत होता : "फुलंब्री रस्त्यावर बस पेटलीय, माणसं आत अडकलीत, लवकर या." दर वेळी नंबर वेगळा. गाडी धावत जायची, तर रस्ता मोकळा. एकदा आमची गाडी तिकडे गुंतलेली असताना गारखेड्यात खरा अपघात झाला आणि मदत उशिरा पोहोचली. वरिष्ठांनी मला फैलावर घेतलं.

खबर दिली उस्मानपुऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने. "साहेब, पन्नाशीचा माणूस हाय. रबर जळाल्याचा वास आला की थरथरतो अन् समोर दिसेल त्याचा फोन मागतो. मारू नका त्याला, लई शरीफ आदमी हाय."

दुसऱ्या दिवशी त्या माणसाला ठाण्यात आणलं. खिशात बायबलचा लहानसा 'नवा करार', बोलणं अदबीचं. मी आवाज चढवला.

"खोटी माहिती देणं गुन्हा आहे, कळतं का?"

"खोटं नाय साहेब. मला दिसलं ते सांगितलं."

दोन तास हेच उत्तर. हा नाटक करतोय, असं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात मागच्या खोलीत हवालदाराचं चहाचं दूध उतू जाऊन करपलं. वास येताच तो माणूस ताडकन उठला, माझं मनगट धरलं आणि मला दाराकडे ओढू लागला. "उतरा! सगळे खाली उतरा!" दोन शिपायांना ती पकड सोडवेना. नोकरीत आरोपींची खूप नाटकं पाहिली होती. हे नाटक नव्हतं.

त्याच्या बायकोला बोलावलं. तिने सांगितलं, तो खासगी बसचा चालक होता. तीन वर्षांपूर्वी फुलंब्री रस्त्यावर त्याची बस पेटली. त्याने बरीच माणसं बाहेर काढली. शेवटच्या म्हातारीचा हात मात्र त्याच्या हातातून निसटला.

"मग डॉक्टरकडे का नेलं नाही?"

"चर्चमधले काहीजण म्हणाले, विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून हे लपवायलाच लागले. पण साहेब, प्रभू मेलेल्यातून उठला तरी हातावरचे व्रण राहिलेच की. त्यानं ते शिष्यांना दाखवले. मग ह्यांनी का लपवायचे?"

मी वरिष्ठांशी बोललो, स्टेशन डायरीत नोंद केली आणि समज देऊन त्याला सोडलं. त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब स्वतः त्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन गेले. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे, असं त्यांनी रविवारच्या उपासनेत सर्वांसमोर सांगितलं.

काही महिन्यांनी मी त्या चालकाच्या घरी गेलो. फोन बंद झाले होते. वास आला की बस अजून दिसायची, पण आता तो बायकोजवळ बसून सांगायचा. "पूर्वी मी भाकरी थापताना हे मागं बसून गीतं गायचे," ती मला हळूच म्हणाली. "तो आवाज अजून परत आला नाही. वाट बघते."

अपघातातली माणसं मीही उचलली होती. घरी गेल्यावर बायको विचारायची, "आज काय झालं हो?" मी म्हणायचो, "काही नाही, वाढ जेवायला." जखम दाखवायला आपलं माणूस लागतं, हे या प्रकरणानं मला शिकवलं, तरी त्या संध्याकाळीही मी तिला तेच उत्तर दिलं. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. आज सगळं सांगावंसं वाटतं. विचारणारी नाही.