आज माशे काय?

आमची आते फोनवर कधी 'हॅलो' म्हणाली नाही. फोन कानाला लागला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज माशे काय?" तब्येत, पाऊसपाणी, गावात काय चाललंय, हे सगळं त्यानंतर. पेडवे म्हटलं की ती हसायची, "म्हणजे महिनोअखेर इली." सुरमई म्हटलं की लगेच, "पावणो कोण इलो?" मालवणातल्या आमच्या घरात काय चाललंय, ते तिला ताटातल्या माशावरून कळायचं. मला या चौकशीचा वैताग यायचा. मी कधीकधी मुद्दाम खोटा मासा सांगायचे आणि ती तोही ओळखायची.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, बाबा तेव्हा अगदी लहान होते. त्यांना आतेनेच वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. पुढे म्हातारपणी ती न्हाणीत पडली, खुबा मोडला आणि उभं राहणं संपलं. घरात माणसं दोनच, मी आणि बाबा. बाबांचे गुडघे त्यांचंच वजन पेलत नव्हते. शेवटी आतेनेच निकाल लावला. "माका उचलूक माणसां व्हयी. रडूक तुमी दोघां पुरे." मग बांद्याच्या आतल्या अंगाला एका गावात वृद्धाश्रम होता, तिथे ती राहायला गेली. तिथे तिचं बरं चाललं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. दर रविवारी बाबा डब्यात तळलेला मासा घेऊन एसटीने जायचे आणि ती जेवून होईपर्यंत समोर बसून राहायचे. दोघं फारसं बोलत नसत.

मग टाळेबंदी आली आणि आश्रमाचं फाटक बंद झालं. बाहेरच्याने आत यायचं नाही, आतल्याने बाहेर गेलं तर परत यायचं नाही. आतेची देखभाल करणारी बाई जवळच्याच गावची होती. घरी तिची शाळेत जाणारी मुलगी होती. तरी ती आतच राहिली. दुपारची जेवणं उरकली की ती आश्रमाचा फोन घेऊन एकेका खाटेपाशी जायची आणि प्रत्येकाला त्याच्या घरचा आवाज ऐकवायची. आमची पाळी आली की आतेचा प्रश्न यायचा, "आज माशे काय?"

आणि आमच्याकडे तर मासेच नव्हते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, बाजार बंद. सुकी मासळी आम्ही मे महिन्यात भरतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या डब्यात वासच काय तो उरला होता. मी खरं ते सांगायचे. आज वालीची भाजी. आज डाळ-भात. आज कुळथाची पिठी. "बरा," ती म्हणायची. मग विचारायची, "तो खंय?" तो म्हणजे बाबा. बाबा माझ्या समोरच बसलेले असत, पण हातानेच नको नको करत. एक तर त्यांना कमी ऐकू येतं, आणि दुसरं म्हणजे तिचा आवाज ऐकला की त्यांना रडू फुटतं. ते तिला कळू द्यायचं नव्हतं. मग मी सांगायचे, "बागेत गेलेत गो." रोज दुपारी, रणरणत्या उन्हात, बाबा आपले बागेत.

हळूहळू आतेने प्रश्न विचारणंच सोडलं. फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. मला वाटलं, कंटाळली असेल. मग एक दिवस त्या बाईचा स्वतःहून फोन आला. तिचा आवाज घाबरलेला होता.

"ताई, आजी जेवणत नाय. दोन घास खातत आणि ताट सरकवतत. काल सुक्या जवळ्याची किसमूर केलेली, आजींका किती आवाडता, तर हातसुद्धा लावूक नाय. सांजचो देवाकडे दिवो लावतंय, खुर्चीत बसवन थयसर न्हेतंय म्हटलंय तर 'माका चलणा नाय' म्हणतत. डॉक्टर फोनार म्हणालो, अशीच रवली तर कठीण आसा."

मी बाबांना ओरडून ओरडून सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. किसमूर नको, देवाचा दिवा चालत नाही, इथवर आल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला.

"अगो, ती सुतक पाळता."

"कोणाचं?"

"माझा!"

मला आधी हसू आलं. मग एकेक जुळत गेलं. खरंच की. आमच्यासारख्या घरात इतके दिवस मासा शिजत नाही तो फक्त कोणी गेलं असेल तरच. त्यात होड्या बंद आहेत हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं, बाबा रविवारी येईनासे झालेले, फोनवर कधी नाहीत, आणि भाची रोज एकच थाप मारते आहे. आतेने हिशेब मांडला आणि तिच्यापुरता तो चोख होता. भाऊ गेला, पोरगी लपवते आहे, तर निदान आपण सुतक तरी पाळावं. पण सुतक फिटायला माणूस गेल्याचा दिवस माहीत लागतो. तो तिला कोण सांगणार? तिचं सुतक संपणारच नव्हतं, आणि ती त्यातच संपली असती.

मी लगेच व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना धरून समोर बसवलं. "अगे बाय, मी हंयच आसंय! जितो आसंय!" बाबा ओरडले. आतेने डोळे बारीक करून पाहिलं. केशकर्तनालयं बंद असल्यामुळे बाबांची दाढी छातीकडे निघाली होती. आमच्याकडे सुतकातला पुरुष दाढी करत नाही.

"हो भावकीतलो कोणतरी सुतकात बसलो हा," आते त्या बाईला म्हणाली, "आणि माका सांगतत माझो भाव म्हणान." तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या दिवशी बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा शिव्या घालताना ऐकलं. रोगाला, सरकारला, न्हाव्याला, मला. मग आरशासमोर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने दाढी केली आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतलं. पहाटे उठून पाहते तर खाटेवर नाहीत. परसाच्या मागे खाडी आहे. तिथे गुडघे धरत जाऊन, गरी टाकून बसले होते. ऊन वर आलं तेव्हा हातात एक तांबोशी घेऊन आले, पावभर असेल नसेल. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "तळ. डोक्याचा तिखला कर."

दुपारी फोन लावला. त्या बाईने आतेला उशांना टेकवून बसवलं होतं. आते केवढीशी झाली होती! मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. बाबांनी ताट पुढे घेतलं आणि नेहमीसारखं आधी डोकं उचललं. ते चोखताना बाबा जो आवाज करतात, त्यावरून आमच्या घरात कितीतरी भांडणं झाली आहेत. त्या दिवशी मला तो जगातला सगळ्यात गोड आवाज वाटला.

आते बघत होती. कपाळावर एक आठी आली.

मग बाबा एकदम थांबले. खोकले. गळ्याला हात लावला, डोळे पांढरे केले. मी पाणी घेऊन धावले आणि तेवढ्यात फोनमधून अशी हाक आली की त्या बाईच्या हातातला फोन हलला.

"अरे भाताचो गोळो गीळ! चाबू नको! किती वेळा सांगलंय, डोक्याक घाई करू नको म्हणान!"

बाबांनी गोळा गिळला. मान हलवून सांगितलं, गेला. आतेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मेल्या," ती म्हणाली, "फोनार येवक काय झालेला तुका?" आणि मान वळवून त्या बाईला, "जवळो उरलो हा? किसमूर करून हाड तर."

ती बाई फोन तसाच उघडा ठेवून स्वयंपाकघराकडे पळाली. मला आश्रमाचं छप्पर दिसत होतं आणि तिचं हसणं ऐकू येत होतं. हसता हसता ती रडत होती. स्वतःच्या मुलीला सोडून जी माझ्या आतेपाशी राहिली, तिचे उपकार मी कसे फेडणार? पुढे फाटक उघडल्यावर मी तिचे हात धरून हे बोलून दाखवलं, तर ती लाजून म्हणाली, "आजींनीच माका सांभाळल्यानी, ताई."

त्याच दिवशी बाबांनीही कितीतरी महिन्यांनी आतेला समोर पाहिलं. तिने त्यांच्या हनुवटीवरून हात फिरवला, कापलं होतं तिथे चाचपलं. बाबा रडले, यावेळी लपवलं नाही. मग त्यांनी तळलेल्या माशाचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

"एक सांग रे," आते म्हणाली. "जन्मभर माशे खातंस. त्या दिसाच काटो कसो अडाकलो तुझ्या घशात?"

बाबांच्या घशात काटा अडकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. मी कान टवकारले.

"काटे काढून देवक तू नाय हुतंस मा," बाबा डब्याकडे बघत म्हणाले.

आतेने डब्यातली तुकडी उचलली, काटे काढले आणि पहिला घास बाबांच्या तोंडासमोर धरला.