कप्तानाचे हात बांधणारा रोर्ड

आमच्या फ्योर बेटावरचे धडधाकट पुरुष वसंत लागला की ग्रीनलंडच्या समुद्रात देवमाशांच्या शिकारीला जातात. रोर्ड केटेल्स मात्र मेंढ्या राखायचा. भाला फेकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, तरी एकही जहाज त्याला घेत नव्हतं. मी त्याचा शेजारी. ज्या सफरीमुळे हे झालं, त्या सफरीत माझा भाऊ त्याच्याच होडीत होता, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

रोर्डची बायको ग्योंट्ये. तिचा भाऊ बोन याप्पेन हा जहाजाचा कप्तान, आणि रोर्ड तेव्हा त्याच्याच जहाजावर भाला फेकायचा. बहिणीनं चर खणणाऱ्याच्या पोराशी लग्न केलं, हे बोनच्या घशाखाली कधी उतरलं नाही. जहाजावर तो रोर्डला सगळ्यांदेखत ‘दाजी’ म्हणून टोचायचा.

त्या सफरीत चरबीची पिंपं भरत आली होती, तेवढ्यात बर्फाच्या फटीत एक देवमासा दिसला. बोननं जहाज आत घालायला सांगितलं.

“कप्तान, वारा फिरलाय. फट मिटेल,” रोर्ड म्हणाला.

“दाजींना घरची चूल आठवली वाटतं.”

माणसं हसली. संध्याकाळच्या आत फट मिटली आणि बर्फानं जहाज अक्रोडासारखं फोडलं. होड्या सोडल्या, पण वादळानं त्या पांगवल्या. बाकीच्या पुन्हा कुणाला दिसल्याच नाहीत. रोर्डची होडी उघड्या समुद्रात फेकली गेली. खायला कडक पावाचं एक पोतं होतं, आणि त्यावर चरबी कापायचा सुरा घेऊन बोन बसला होता.

शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्या हार्केचे पाय थंडीनं काळे पडले. त्याला वल्हं धरवेना.

“वल्हवणार नाही तो खाणार नाही,” बोन म्हणाला. “मढ्याला पाव कशाला?”

“अजून जिवंत आहे तो.”

“मग तुमचा वाटा द्या, दाजी.”

रोर्डनं दिला. रोजच देत राहिला. शेवटी त्याच्याच हातून वल्हं निसटलं, तेव्हा बोन हसला. रोर्डनं वल्हं आत ओढलं आणि बोनच्या मनगटावर हाणलं. सुरा पाण्यात गेला. माझा भाऊ बोनच्या पायांवर बसला आणि रोर्डनं भाल्याच्या दोरानं त्याचे हात बांधले. त्यानंतर पाव सगळ्यांना सारखा मिळाला, बोनलाही. रोर्ड तो त्याला हातानं भरवायचा. बोन चावायचा, गिळायचा आणि शिव्या द्यायचा.

हार्के तरीही गेला. त्याला पाण्यात सोडताना बोन म्हणाला, “फुकट गेला पाव.”

एका डच जहाजानं त्यांना उचललं. बोनचे पहिले शब्द होते, “याला बेड्या घाला.” डच कप्तानानं ते कानाआड केलं.

घरी आल्यावर ग्योंट्येनं नवऱ्याला एवढंच विचारलं, “दादाला खायला दिलंस?”

“सगळ्यांइतकंच.”

“मग झालं.”

पण जहाजमालक कप्तानाचंच ऐकतात. पुढच्या वसंतात बोनला नवं जहाज मिळालं आणि रोर्डला सगळी दारं बंद झाली. माझा भाऊ बोनबरोबरच गेला. घरात खाणारी तोंडं होती. रोर्डनं त्याला बोल लावला नाही, पण तो पुन्हा त्याच्याशी बोललाही नाही.

एका नाताळात बोन भाजलेलं बदक घेऊन बहिणीच्या दाराशी आला. मी कुंपणापाशी होतो. त्यानं बराच वेळ दार ठोठावलं.

आतून रोर्डचा आवाज आला, “थंडी आहे. घे त्याला आत.”

“तुला घ्यायचं असेल तर तू घे,” ग्योंट्ये म्हणाली.

दोघांपैकी कुणीच दार उघडलं नाही.